‘बहुतेक’ म्हणायचं नाही

सर,

तुम्हाला प्रवरेच्या काठावर नेलं त्या दुपारी आभाळात ढगाचा एक तुकडाही नव्हता. मला त्या आभाळाचा राग आला होता. ज्या माणसानं जन्मभर ढगांची बाजू घेतली, त्याला पोचवायला एकानंही येऊ नये? मग वरून जीपा यायला लागल्या. घाटघरकडून, रतनवाडीकडून, पार कळसूबाईच्या पायथ्यापासून. माणसं टपावरसुद्धा बसून आली होती. धरणाकाठचा संतू पुढे झाला, तुमच्या पाया पडला आणि उठून मला म्हणाला, “मॅडम, आता आमाला आभाळ कोन सांगनार?”

तुम्ही असतात तर याचंही उत्तर ठणकावून दिलं असतंत.

तुम्ही कुठे शिकलात, कुठल्या शाळांत शिकवलंत, कुठले सत्कार झाले, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. आणि त्यातल्या कशावरूनही आपण कधी भांडलो नव्हतो. मला तुमच्याशी त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय, जिच्यावरून आपण रोज भांडायचो. ते भांडण अर्धं टाकून तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

मी तुम्हाला पहिल्यांदा घाबरले ते नववीत. श्रावणाचे दिवस होते आणि तुम्ही अख्खा वर्ग एसटीत बसवून घाटघरला काढलात. अकोल्याच्या स्टँडवर ऊन होतं. आमच्यातल्या कुणीच छत्री घेतली नव्हती, कारण घेऊ नका असं तुम्हीच सांगितलं होतंत. राजूर आलं तेव्हा काचेवर बुरबुर लागली. भंडारदऱ्याला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. घाटघरला उतरलो तर समोरचा माणूस दिसेना, आणि पाऊस वरून पडतोय की खालून वर येतोय तेही कळेना. तुम्ही त्या धुक्यात उभे राहून ओरडत होतात, “कोकणातली वाफ हा कडा चढून येते! चढताना गार होते, म्हणून सगळं पाणी इथंच टाकते! आणि रिकाम्या हातानं अकोल्याला उतरते! कळलं का?”

आम्हाला एवढंच कळलं होतं की आम्ही भिजलोय. परत येताना एसटी जसजशी खाली उतरत गेली तसतसे आमचे कपडे वाळत गेले. अकोल्याला उतरले तेव्हा आईला मी भिजले होते हे पटेना. “तालुका एकच आहे ना आपला?” असं म्हणाली. त्या रात्री मी नकाशाचं पुस्तक उघडून घाटघर आणि अकोले यांच्यामध्ये बोट ठेवून बघितलं. जेमतेम एका पेराचं अंतर. मी भूगोल घेतला तो त्या पेरापायी.

पुढे मी पुण्याला गेले, शिकले, लग्न केलं, आणि काही वर्षांनी ते लग्न मोडून अकोल्याला परत आले. इथल्या शाळेत नोकरी धरली. ते दिवस तुम्हाला आठवतच असतील. भाजी घ्यायला बाहेर पडले तरी कुणी ना कुणी थांबवायचं. काय झालं गं, कुणाची चूक, आता पुढे काय? विचारणारी माणसं वाईट नव्हती, पण उत्तरं देऊन देऊन मी थकले होते. त्यात एका रविवारच्या बाजारात तुम्ही समोर आलात. हातात मेथीच्या जुड्या, पिशवी आणायला विसरलेले. मी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं. तुम्ही माझ्याकडे चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, “समदाब रेषा वाचता येतात ना अजून? का पुण्यात विसरून आलीस?”

“येतात, सर.”

“मग उद्या सकाळी आमच्या गच्चीवर ये. आणि ह्यातली एक जुडी घेऊन जा. तुझी काकू मला ओरडणार आहे, दोनच सांगितल्या होत्या.”

बस. त्यानंतर इतक्या वर्षांत तुम्ही मला पुण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. त्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर विषय निघाला असता. आता मानते.

तुम्ही तेव्हा नुकतेच निवृत्त झाला होतात आणि डोंगरातल्या गावांसाठी रोज सकाळी मोबाईलवर आवाजाचा निरोप पाठवायला लागला होतात. “राम राम मंडळी” असं सुरू करून, आज कुठे ढग, कुठे वारा, कुठे धुकं. पाठीमागे काकूंच्या कुकरची शिट्टी हमखास असायची. काही वाड्यांवर तुम्ही पर्जन्यमापक बसवून दिले होते. तिथली माणसं रोजचं माप फोनवर कळवायची. मोबाईलमधले नकाशे आपण दोघं बघायचो, उपग्रहाची चित्रं बघायचो, पण ते नकाशे घाटघर आणि अकोले एकाच चौकोनात टाकायचे. “ह्या चौकोनाला डोंगर दिसतच नाही,” तुम्ही म्हणायचात. “त्याच्या हिशेबी सगळं सपाट. आपण त्याला डोंगर दाखवायचा.”

डोंगर दाखवायची तुमची रीत मला फार आवडायची. एकदा पौषात पहाटे आपण राजूरकडून तुमच्या स्कूटरवरून खाली येत होतो. मी मागे. तुम्ही ओरडून म्हणालात, “आता बघ हं, पुढच्या वळणावर थंडी वाजेल.” वळण उतरलो आणि कुणी पाण्यात ढकलावं तसं गार लागलं. पूल ओलांडून स्कूटर पुन्हा चढाला लागली तशी ऊब आली. “रात्रभर गार हवा उतारानं घरंगळत येते आणि खड्ड्यात साठते. पाण्यासारखीच. वरच्या वाडीला स्वेटर कमी लागतो तो ह्यामुळं.” आणि तेवढ्यासाठी तुम्ही स्कूटर वळवून मला तो खड्डा पुन्हा एकदा दाखवलात. मी कुडकुडत होते. तुम्ही खुशीत होतात.

आता भांडणाकडे येते.

निरोप तयार व्हायचा आणि शेवटी मी म्हणायचे, “सर, इथे ‘बहुतेक’ घाला.” तुम्ही घालायचा नाहीत. तुमचं एकच म्हणणं, अंदाजात ‘बहुतेक’ म्हणायचं नाही. मला ते खोटं वाटायचं. डोंगरातला ढग कड्याच्या अलीकडे फुटेल की पलीकडे, हे देवालाही आयत्या वेळी ठरवावं लागत असेल. ते आपल्याला माहीत नसताना माहीत आहे असा आव का आणायचा?

“अगं मनीषा, संतूला तंबू ठेवायचाय का काढायचाय, एवढंच विचारायचंय. बहुतेक तंबू काढता येतो का?”

“पण तुम्हाला ठाऊक नाहीये ना!”

“ठाऊक नसतानाच तर ठरवावं लागतं.”

ह्यावर काकू आतून म्हणायच्या, “तुमचं ठरलं की चहाला या. मी बहुतेक केलाय.”

संतूचे तंबू धरणाच्या काठाला असायचे. वैशाख सरता सरता आपल्याकडे काजवे निघतात, झाडंच्या झाडं लखलखतात, आणि ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. संतू त्यांची राहायची सोय करायचा, डोंगर दाखवायचा, आणि त्याची आई हौसाबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. नेमके तेच दिवस वळवाचे. दुपारपर्यंत डोंगर तापतो, दरीतली हवा वर चढते आणि बघता बघता कड्यामागे ढग उभा राहतो.

एका वर्षी शनिवारच्या सकाळी तुम्ही निरोपात सांगितलंत, “आज दुपारनंतर वादळी पाऊस. धरणाकाठचे तंबू काढा.” मला वाटत होतं ढग उत्तरेला सरकेल. मी दोनदा म्हटलं, बहुतेक घाला. तुम्ही ऐकलं नाहीत. संतूनं तंबू काढले. निघालेल्या पाहुण्यांना फोन करून परत पाठवलं. आणि ढग आला, गडगडला, आणि डोंगर ओलांडून इगतपुरीकडे निघून गेला. धरणाकाठी थेंबही पडला नाही. संध्याकाळी पाणी आरशासारखं शांत होतं. संतू नंतर सांगत होता, त्या वर्षातले सगळ्यात जास्त काजवे त्याच दिवशी निघाले, आणि बघायला तो एकटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निरोप पाठवला नाहीत. मला फोन केलात, “चल, वर जाऊन येऊ.” मला वाटलं मापकाचं काही असेल. तुम्ही सरळ संतूच्या वाडीत, मारुतीच्या देवळापुढच्या पारावर गेलात. माणसं जमली. रागावलेलीच होती.

तुम्ही म्हणालात, “काल मी सांगितलं ते चुकलं. ढग पलीकडे जाईल हे मला ओळखता आलं नाही. तुमचं नुकसान झालं. ते मला भरून देता येत नाही, म्हणून तोंडानं सांगायला आलोय.”

कुणीतरी मागून बोललं, “मंग सांगताच कशाला सर? आमी आमचं बघतो.”

“पुढच्या वेळीही सांगणार,” तुम्ही म्हणालात. “आणि चुकलो तर पुन्हा इथंच येईन.”

तेव्हा हौसाबाई पुढे आल्या. “बोलून झालं का तुमचं? मंग जेवाया चला. पाहुन्यांसाठी तांदळाचं पीठ दळून आनलंय, ते कोन संपवनार?”

त्यांच्या चुलीपुढे बसून तुम्ही भाकऱ्या खाल्ल्यात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिली आवडीनं खाल्लीत. दुसरीही. तिसरीला हात आडवा धरलात. हौसाबाईंनी तो हात बाजूला केला. “वादळ तुमी आनलं, भाकरी तुमीच खायची.” संतू आधी गाल फुगवून बसला होता, तो हसायला लागला. मग सगळेच हसले. तुम्ही पाणी पीत पीत ती भाकरी संपवलीत आणि उठताना भिंतीला धरून उठलात.

येताना गाडीत मी म्हटलं, “एक ‘बहुतेक’ म्हणाला असतात तर हे सगळं टळलं असतं.”

“मग भाकऱ्या कुणी खाल्ल्या असत्या?” तुम्ही म्हणालात. मग गंभीर झालात. “बहुतेक म्हटलं की माणूस त्याला हवं तेच ऐकतो. ज्याला तंबू ठेवायचाय त्याला ‘येणार नाही’ असं ऐकू येतं. उद्या तो पाण्यात गेला तर आपण मोकळे. आम्ही बहुतेक म्हटलं होतं! मला तसं मोकळं व्हायचं नाही.”

“आणि तुम्ही असे ठामपणे चुकत राहिलात तर एक दिवस कुणी ऐकणारच नाही.”

“तेही खरं,” तुम्ही म्हणालात. ते इतक्या सहज म्हणालात की मला पुढे भांडता येईना.

पुढच्या वर्षीची गोष्ट तुम्ही कुणाला सांगू द्यायचा नाहीत. आता सांगते. मला अडवायला तुम्ही नाहीत.

वळवाचेच दिवस होते. पावसाळ्याआधी मापक साफ करायला आपण दोघं संतूच्या वाडीला गेलो होतो. गांधीलमाश्यांनी मापकाच्या नळीत मातीचं घर केलं होतं, ते मी काडीनं काढत होते. संतू घरी नव्हता. पुण्याहून आलेल्या काही माणसांना घेऊन तो वाडीपलीकडच्या घळीत उतरला होता. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, अशी ती घळ. सकाळच्या निरोपात तुम्हीच सांगितलं होतंत, “आज डोंगरात काही नाही. खुशाल फिरा.” ह्या खेपेला मलाही तसंच वाटलं होतं. आपलं एकमत झालं होतं.

दुपार कलली. तुम्ही बोलता बोलता थांबलात. सकाळपासून दरीतून वर येणारा वारा पडला होता. मग तो उलटा, डोंगराकडून आला. गार, आणि त्याला ओल्या मातीचा वास.

“वारा फिरला,” तुम्ही म्हणालात.

मी वर बघितलं. डोक्यावर निळं आभाळ होतं. पण रतनगडाच्या अंगाला फुलकोबीसारखा एक ढग उभा होता आणि त्याचा माथा चपटा व्हायला लागला होता. मी मोबाईल काढला. रेंज नव्हती.

“सर, तो डोंगर ओलांडून निघून जाईल. मागच्या वर्षीसारखा.”

“संतूला वर बोलवा,” तुम्ही हौसाबाईंना म्हणालात.

“पुन्हा खोटं ठरलं तर?” मी विचारलं.

“तर पुन्हा भाकऱ्या खाईन. बोलवा त्याला!”

हौसाबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. त्यांनी ढगाकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांच्यामागे पळाले. तुमचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, तुम्ही मागून येत राहिलात. घळीच्या तोंडाशी उभं राहून हौसाबाईंनी हाक मारली, “संतूऽऽ! वर ये रंऽऽ!” ती हाक भिंतींवर आपटत खाली गेली. बऱ्याच वेळानं खालून ओ आली. आम्ही दोघी थोडं आत उतरलो तेव्हा तो माणसांना घेऊन एका खडकापाशी थांबला होता.

“सर म्हनत्यात वर या,” हौसाबाई म्हणाल्या. “ताबडतोब.”

त्या माणसांतला एकजण वैतागला. “अहो, आभाळ निळं आहे! आणि सकाळी तुमच्याच सरांनी सांगितलं ना, आज काही नाही?”

“सकाळी तसं म्हनलं हुतं. आता येगळं म्हनत्यात,” संतू म्हणाला. “चला वर.”

“पण कशावरून?”

“सायेब, त्यांचं चुकलं तर ते घरी येऊन सांगत्यात, माझं चुकलं. असा मानूस मी दुसरा पाह्यला न्हाई. तो वर बोलवतोय तर मी विचारत बसनार न्हाई. उचला बॅगा.”

आम्ही चढायला लागलो. घळीच्या तोंडातून बाहेर पडून कडेच्या उंचवट्यावर पोचलो तेव्हाही ऊन होतं. तो माणूस कपाळाचा घाम पुसत माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात आवाज आला. आधी मला वाटलं वारा आहे. मग कातळावरून वाळका पाला सरकत आला, त्यामागे तांबड्या पाण्याची बोटभर धार, आणि आम्ही बघत असतानाच ती धार राहिली नाही. वरच्या डोंगरावर पडलेलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या वाटेत घुसलं. मघाशी आम्ही बोलत उभे होतो तो खडक दिसेनासा झाला. आमच्या अंगावर एक थेंबही पडला नव्हता.

एक बाई खाली बसून रडायला लागली. संतूनं आईचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

तुम्ही जरा मागे एका दगडावर बसला होतात. मी आले तरी तुम्ही उठला नाहीत. मला वाटलं चालण्यानं दमलात.

“सर, कसं ओळखलंत?”

“ओळखलं कुठं?” तुमचा आवाज नेहमीचा नव्हता. “मला भीती वाटली, मनीषा. नुसती भीती वाटली. तो ढग पलीकडंही गेला असता.” मग थोड्या वेळानं, “सकाळी मीच त्यांना खुशाल फिरा म्हणालो होतो.”

मी तुमच्या शेजारी बसले. त्या दिवशी आपलं भांडण मिटलं, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आले तर तुम्ही निरोप सांगत होतात, “राम राम मंडळी. काल सकाळी मी काही नाही म्हणालो होतो, ते चुकलं. थोडक्यात वाचलो. आज दुपारनंतर पाऊस. घळीत कुणी उतरायचं नाही.” तोच ठणठणीत आवाज. मी चिडले. “काल तर म्हणालात मला काही कळलं नव्हतं!”

“ते तुला म्हणालो,” तुम्ही मोबाईल खिशात टाकत म्हणालात. “घळीत उतरणाऱ्याला नाही. तू माझ्याबरोबर घाबरायला आहेस. त्यांनी का घाबरावं?”

तेव्हा मी पाय आपटत निघून गेले होते. त्या वाक्याचा खरा अर्थ मला तुम्ही आजारी पडल्यावर लागला. इतकी वर्षं रोज सकाळी तुम्ही घाबरत होतात आणि ती भीती ठेवायला तुम्ही मला निवडलं होतंत. हे तुम्हाला सांगायचं होतं. नगरच्या दवाखान्यात मी प्रत्येक खेपेला सांगायचं ठरवून यायचे आणि तुम्ही बोलू द्यायचा नाहीत. खिडकीतून बाहेर बघून म्हणायचात, “हे कसलं आभाळ? सपाट! इथला अंदाज कुणीही सांगेल.” सिस्टरला तुम्ही पाऊस कसा तयार होतो ते सलाईनच्या बाटलीवर समजावलंत. ती बिचारी हो हो म्हणत होती आणि नाडी मोजायची राहून जात होती.

शेवटच्या भेटीत तुम्ही मला माझा निरोप ऐकवायला लावलात. आजारपणात तो मीच पाठवत होते. मी लावला. “आज घाटमाथ्यावर बहुतेक…” एवढं ऐकलंत आणि तोंड वाकडं केलंत.

“बहुतेक!” तुम्ही म्हणालात. “किती वर्षं सांगतोय…”

“सर, मला खोटं बोलता येत नाही.”

“अगं, खोटं बोल असं कुठं म्हणतोय? मी म्हणतोय…” आणि डॉक्टर आले. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. तुम्ही हातानं खूण केलीत, थांब, सांगतो. मी बाहेर थांबले. नंतर तुम्हाला झोप लागली होती.

तुम्ही काय म्हणणार होतात, याचा मी खूप विचार केला. उत्तर सापडलं नाही, आणि सापडलं असं मी म्हणणारही नाही.

तेरावा झाल्यावर मी पुन्हा निरोप पाठवायला लागले. संतूचा लगेच फोन आला. “मॅडम, बहुतेक म्हंजी काय करू? तंबू काढू का ठेवू?” मी म्हटलं, “संतू, मला खरंच माहीत नाही. पण माझे असते तर मी काढले असते.” तो म्हणाला, “व्हय. ह्ये समजलं.” आता मी निरोपात तसंच सांगते. मला काय ठाऊक नाही ते आधी, आणि मी काय केलं असतं ते नंतर. तुम्हाला हे पटलं नसतंच. लांबण लावलीस, म्हणाला असतात.

परवा सकाळी काकूंचा फोन आला. तुमच्या मागे त्या फारसं बोलत नाहीत, त्यामुळे मी घाबरले.

“अगं मनीषा, वर्षाचे गहू आलेत. गच्चीवर वाळत घालू का आज? पाऊस येईल का?”

सर, काकूंनी तुम्हाला कधी पाऊस विचारलेला मी ऐकला नाही. त्या आपल्या हातानं खिडकी उघडून बघायच्या. मी नकाशे उघडले. डोंगरावर ओल होती, वारा धड इकडचा नव्हता, धड तिकडचा नव्हता. काकूंना तरी काहीतरी पक्कं सांगावं असं फार वाटलं.

“काकू, नाही सांगता येत.”

“ह्यांनी लगेच सांगितलं असतं,” काकू म्हणाल्या.

“हो. आणि बहुतेक चुकीचं सांगितलं असतं.”

काकू हसल्या. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. मग म्हणाल्या, “बरं, मग तूच ये. दोघी मिळून घालू. आला तर दोघी मिळून उचलू.”

शाळेला सुट्ट्या आहेत. मी गेले. आम्ही जुन्या धोतरांवर गहू पसरले, पायानं सारखे केले, आणि जिन्याच्या सावलीत बसलो. काकू तुमच्याबद्दल बोलल्या, थोड्या रडल्या, मग मला जेवायला वाढलं. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं आलं. वारा सुटला, मोठे मोठे चार थेंब पडले आणि आमची जी धावपळ उडाली! काकूंनी धोतराची दोन टोकं धरली, मी दोन, ओढत ओढत जिन्यात आणलं, अर्धे गहू पायरीवर सांडले. दार लावून आम्ही धापा टाकत बसलो, आणि पाऊस काही आला नाही. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून ऊन आत आलं.

काकूंनी दार उघडलं, आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“धर गं ते टोक,” म्हणाल्या. “परत पसरू.”